ते सेकंड इयरला आहे

खांद्याला तिरकी अडकवलेली काळी नळी जिन्यात दिसली की आमची आई आतूनच ओरडते, "अगं, नवा एफई आला वाटतं!" पहिल्या वर्षी तिला वाटलं होतं की मुलगा पुण्यात बासरी शिकायला आलाय. एवढ्या लांब नळीत मावते ती बासरी केवढी असेल, या कुतूहलानं तिनं झाकण उघडायला लावलं. आतून ड्रॉइंगचे चार कोरे कागद निघाले. तेव्हापासून आई इंजिनिअरिंगबद्दल जरा साशंकच आहे.

मी पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं कारकुनी केली. निवृत्तीनंतर धनकवडीतल्या घराच्या वरच्या दोन खोल्या कॉट बेसिसवर द्यायला लागलो. मुलगा फर्स्ट इयरचाच घ्यायचा, हा नियम आमच्या हिचा. तिच्या मते फर्स्ट इयरचा मुलगा रात्री दहाच्या आत घरी असतो, आईला रोज फोन करतो आणि एकूणच घाबरलेला असतो. सेकंड इयरला हे तिन्ही गुण एकदमच जातात.

गाव दर वर्षी बदलतं. कधी जळगाव, कधी लातूर, कधी सांगली. मुलगा तोच. त्यामुळे त्यांची नावं लक्षात ठेवायचं आम्ही सोडून दिलंय. नावं ठेवायचं मात्र सोडलेलं नाही. जो येईल तो 'एफई'. फर्स्ट इयर इंजिनिअरिंग या पदवीचा हा घरगुती उच्चार.

गेल्या वर्षीचा एफई बार्शीकडचा. वडिलांचं खतं-बियाण्यांचं दुकान. त्याला सोडायला आई, वडील, चुलते आणि चुलत्यांचे एक मित्र असे चौघं आले, कारण गाडी त्या मित्रांची होती. गाडीतून गादी उतरली, बादली उतरली, शेंगाचटणीचा पाच किलोचा डबा उतरला, कडक भाकऱ्यांची चळत उतरली आणि सगळ्यात शेवटी, या सामानाचा हिशेब चुकू नये म्हणून सोबत पाठवल्यासारखा, एफई उतरला.

"ह्यांना काका म्हणायचं," वडील म्हणाले.

"काका," एफई म्हणाला. पुढचे दोन दिवस तो एवढंच बोलला.

वडिलांनी मग त्याचं चरित्र सांगितलं. तेही मला पाठ आहे, कारण दर वर्षी ते सारखंच असतं. दहावीला नव्वदच्या वर. गावात फ्लेक्स. फ्लेक्सवर मधोमध एफई आणि भोवती त्याच्यापेक्षा मोठे फोटो असलेले बारा शुभेच्छुक. मग अकरावी-बारावीला 'इंटिग्रेटेड'. म्हणजे नाव एका कॉलेजात आणि मुलगा दुसऱ्याच क्लासात. कॉलेजची इमारत त्यानं पाहिली ती फक्त प्रॅक्टिकलच्या परीक्षेला, पाहुण्यानं पाहावी तशी. दोन वर्षं तो चार पर्यायांतून एक निवडायला शिकला. सीईटीत दीडशे प्रश्न, दोनशे गुण आणि चुकलं तरी गुण कापत नाहीत. एवढी दयाळू परीक्षा आयुष्यात पुन्हा भेटत नाही, हे त्याला अजून कळायचं होतं.

"शहाण्णव पर्सेंटाइल," वडील म्हणाले.

"शहाण्णव टक्के? वा!"

"टक्के नव्हं ओ. पर्सेंटाइल. म्हंजे शंभरातली शहाण्णव पोरं ह्याच्या मागं."

मी एफईकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर मात्र पुढच्या चार जणांचीच काळजी दिसत होती.

"आणि सीट फ्रीज केली आम्ही दुसऱ्या राउंडला," चुलते म्हणाले.

"फ्रीज कशाला?" आईनं विचारलं. "नासते का?"

नासत नाही, पण हातची जाते, हे चुलत्यांनी तिला समजावलं. आमच्या तरुणपणी यातलं काही नव्हतं. पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजचं मूळ थेट १८५४ सालापर्यंत जातं, पण आमच्या काळी तिथं पोचणारा मुलगा तालुक्याला एखादा. बाकीचे ज्यांना परवडे ते देणगी भरून कर्नाटकात जात, ज्यांना परवडत नसे ते माझ्यासारखे कारकून होत. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदान कॉलेजांना परवानगी दिली आणि मग माळरानावर, साखर कारखान्याच्या शेजारी, टेकडीच्या पोटाशी, जिथं जागा सापडली तिथं इंजिनिअर पिकायला लागले. आता आमच्या गल्लीत दगड मारला तर तो इंजिनिअरला लागतो, आणि त्या दगडाचा मार्ग पॅराबोला असतो, हे सांगणारा दुसरा इंजिनिअर शेजारीच उभा असतो.

मंडळी गेली. जाताना आईनं डोळे पुसले, वडिलांनी खिशातून पाचशेची नोट काढून उगाच पोराच्या खिशात घातली, आणि चुलत्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "पॅकेज किती बसतं हो हल्ली सुरुवातीला?" एफईचा पहिला तास अजून व्हायचा होता.

*

तिसऱ्या दिवशी आमचा टेबल फॅन बंद पडला. बंद म्हणजे नुसता घूं घूं करायचा, फिरायचा नाही; पात्याला बोटानं ढकललं की फिरायचा. घरात इंजिनिअर असताना दुकानात कशाला न्यायचा, म्हणून मी एफईला खाली बोलावलं. तो पंख्यासमोर उकिडवा बसला. सगळ्या बाजूंनी पाहिलं. जाळीला हात लावला. मग उठून, अत्यंत नम्रपणे म्हणाला,

"काका, मोटर आम्हाला सेकंड इयरला हाय."

पुढच्या आठवड्यात शेजारच्या वहिनींचा प्रिंटर. सेकंड इयरला. गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट. "ते फ्लुइड्समध्ये येतं काकू. सेकंड इयर." आमच्या भिंतीला तडा गेला होता, तो सिव्हिलवाल्यांच्या सेकंड इयरला होता. आईनं एकदा त्याला विचारलं, "अरे, मग पहिल्या वर्षी तुम्हाला असतं तरी काय?"

"सगळंच असतंय की आजी," एफई म्हणाला. "पण बेसिक."

हे 'बेसिक' काय प्रकरण आहे ते त्याच्या वह्यांवरून कळलं. बेसिक इलेक्ट्रिकल, बेसिक इलेक्ट्रॉनिक्स, फिजिक्स, केमिस्ट्री, मेकॅनिक्स, ग्राफिक्स, पायथॉन आणि या सगळ्यांवर कुलदैवतासारखं बसलेलं एम-वन. एम-वन म्हणजे गणित, पण त्याला गणित कुणी म्हणत नाही. घरातल्या कडक सासऱ्याचं नाव जसं सुना घेत नाहीत, तसंच ते. सेमिस्टरच्या अर्ध्यावर तीस गुणांची इनसेम होती, शेवटी सत्तर गुणांची एंडसेम. एंडसेमच्या आदल्या रात्री वरून जेकोबियन, जेकोबियन असा जप ऐकू येत होता. आईला वाटलं पोरानं धर्म बदलला.

शिकवणारे सर परदेशी लेखकांची जाड रेफरन्स बुकं सांगतात. एफई ती लायब्ररीच्या कार्डावर आणतो, उशाशी ठेवतो आणि अप्पा बळवंत चौकातून 'लोकल ऑथर' आणून पास होतो. लोकल ऑथरचं पुस्तक म्हणजे मागच्या परीक्षांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं, मध्ये उगाच थोडं शास्त्र. पुढच्या वर्षी तेच पुस्तक त्याच चौकात निम्म्या किमतीला जातं. रेफरन्स बुक मात्र लायब्ररीत परत जातं, त्याच कोऱ्या वासासकट.

मेकॅनिक्सशी माझा थेट संबंध आला तो ट्यूब बदलताना. मी भिंतीला शिडी लावली आणि एफईला म्हणालो, "खालून धर घट्ट." मी चौथ्या पायरीवर असताना खालून आवाज आला.

"काका, ह्या फरशीचा म्यू किती असंल?"

"काय?"

"कोइफिशंट ओ. आम्हाला शिडीचा प्रॉब्लेम असतोय, त्यात भिंत स्मूद असती, फरशी रफ असती. तुमच्यात उलटंच हाय. भिंत डिस्टेंपरची रफ, अन् फरशी एकदम गुळगुळीत."

"तू धरलंयस ना?"

"धरलंय की. एका हातानं." दुसऱ्या हातानं तो हवेत बाण काढत होता. फ्री बॉडी डायग्राम. "आता बघा, माणूस जसजसा वर जाईल, तसतशी शिडी सटकायची शक्यता वाढत जाती. समजा माणूस तीन चतुर्थांश उंचीवर पोचला..."

"अरे, तो माणूस मी आहे!" मी ओरडलो.

एफईला धक्काच बसला. दोन महिने तो शिडीवरच्या त्या माणसाचं वजन काढत होता, पण त्या माणसाला तोंड असतं हे त्याला पुस्तकात कुठं दिसलं नव्हतं. त्यानं दोन्ही हातांनी शिडी धरली. उत्तर बरोबर आलं, म्हणजे मी पडलो नाही.

*

पण एफईच्या आयुष्यातलं खरं नाट्य आहे ग्राफिक्सचं. मिनी ड्राफ्टर नावाचं एक यंत्र असतं. दोन हात, एक कोपर, टोकाला काटकोनात दोन पट्ट्या. ते पुरतं उघडं मावेल एवढी पिशवी अजून निघालेली नाही, त्यामुळे बसमध्ये एफई दोन माणसांची जागा घेतो आणि एका माणसाच्या बरगडीत टोचतो. कंडक्टर त्याला ड्राफ्टरचं वेगळं तिकीट काढायला सांगत नाही, हा त्याचा मोठेपणा.

ग्राफिक्समध्ये ठोकळा समोरून, वरून आणि बाजूनं कसा दिसेल ते कागदावर काढायचं असतं. आपल्याकडे त्यासाठी फर्स्ट अँगल पद्धत चालते. एफईनं एकदा ती आईला समजावून सांगितली.

"समोरून दिसतं ते वर काढायचं. वरून दिसतं ते त्याच्या खाली काढायचं. अन् डावीकडून दिसतं ते उजवीकडं."

"मग सरळ बघायचं कधी?" आईनं विचारलं.

एफईनं जरा विचार केला. "सरळ बघायला आयसोमेट्रिक असतं आजी. ते शेवटच्या युनिटला हाय."

शीटवर दोन गोष्टींना महत्त्व. एक रेघेची जाडी, दुसरं रोल नंबर. दिसणारी कड ठळक सलग रेघेनं, न दिसणारी तुटक रेघेनं. एफई एचबी, एच आणि टू-एच अशा तीन पेन्सिली कानाला, ओठाला आणि हाताला लावून बसायचा आणि तीन तास मान मोडून षटकोनी प्रिझम काढायचा. दुसऱ्या दिवशी सर तीन सेकंद बघायचे आणि लाल पेननं त्यावर तिरकी रेघ मारायचे. ती रेघ मात्र ड्राफ्टरशिवायही सरळ यायची.

नोव्हेंबरात एका रात्री दीड वाजता ही मला हलवून म्हणाली, "अहो, वर काहीतरी पेटलंय." जिन्यावरून बघितलं तर एफईच्या खोलीच्या फटीतून प्रखर पांढरा उजेड जमिनीलगत येत होता. दार ढकललं. आमचा काचेचा टीपॉय, जो दुपारपासून दिवाणखान्यातून गायब होता, खोलीच्या मधोमध उभा. त्याच्या खाली दोन एलईडी दिवे. काचेवर एक काढलेली शीट, तिच्यावर एक कोरी, आणि भोवती चार मुलं होमाला बसावीत तशी.

"हे काय चाललंय?"

"जीटी, काका," चौघं एका सुरात म्हणाले.

जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. खालून उजेड, मधे काच, वर दुसऱ्याची शीट आणि त्याच्यावर आपली. हे तंत्र कोणत्याच अभ्यासक्रमात नाही, आणि फर्स्ट इयरचा प्रत्येक मुलगा यात मात्र डिस्टिंक्शन मिळवतो. मी खालची शीट कुणाची म्हणून विचारलं, तर कुलवृत्तांतच निघाला. ही शीट शेजारच्या इमारतीतल्या दादाची. त्याला ती त्याच्या सिनियरनं दिली. त्याच्या सिनियरला त्याच्या रूमवरच्या मुलानं. अशी पाच पिढ्या मागं जाऊन कुणीतरी एक मूळ पुरुष सापडतो, ज्यानं म्हणे ही शीट खरोखरच आपल्या डोक्यानं काढली होती. तो आता अमेरिकेत असतो.

"पण हे बघ," मी चष्मा वर करून म्हणालो, "ही मागची कड आहे ना? मग तुटक रेघ पाहिजे. ही सलग आहे."

चौघांनी वाकून पाहिलं. मूळ पुरुषाची चूक पाच पिढ्या इमानानं चालत आली होती.

"मग बदलायची का?" एफईनं इतरांना विचारलं.

"नको," एक जण म्हणाला. "सगळ्यांची अशीच आहे. आपलीच वेगळी दिसली तर सर विचारतील."

मी टीपॉय सकाळी परत आणायच्या बोलीवर खाली आलो. कारकुनीत बत्तीस वर्षं काढलेला माणूस मागच्या फायलीवरून पुढची फाईल तयार करणाऱ्याला काय बोलणार?

*

वर्कशॉपच्या दिवशी एफई निळा अ‍ॅप्रन घालून जायचा आणि सायंकाळी पेट्रोल पंपावरून आल्यासारखा यायचा. त्याला फिटिंगचा जॉब होता. लोखंडाचे दोन चपटे तुकडे. करवतीनं कापायचे, कानशीनं घासायचे, एकाला खाच पाडायची आणि दुसऱ्याचं टोक तिच्यात बसवायचं. बसलं की ते उजेडाकडे धरायचं. फटीतून उजेड दिसता कामा नये.

पहिल्या दिवशी तो चिडूनच आला. "काका, मी कॉम्पचा हाय. कॉम्पवाल्याला कानस कशाला लागती?" मला पटलं. संगणकाला कानस लावल्याचं मी ऐकलेलं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात तळहाताला फोड आले. आईनं खोबरेल लावून दिलं आणि "इंजिनिअर व्हायला आलाय की लोहार?" असं म्हणत वर फुंकरही घातली. तिसऱ्या आठवड्यात तो जेवताना आपणहून बोलला. "लोखंड ऐकतच नाही ओ काका. एका बाजूनं घासलं की दुसरी बाजू वर येती. जोर लावला की बिघडतंय, अन् नाही लावला की होतच नाही." चौथ्या आठवड्यात तो भाजी घ्यायची विसरून सांगत होता की सरांनी गुण्या लावून बघितला आणि काही न बोलता पुढच्या मुलाकडे गेले. काही न बोलता! एम-वनमध्ये त्याला असा सन्मान कधी मिळाला नव्हता.

तो जॉब त्यानं सरांच्या मागं लागून घरी आणला. मी उजेडाकडे धरून पाहिला. एका कोपऱ्यात केसाएवढा उजेड दिसत होता.

"तेवढं राहिलं," एफई म्हणाला.

माझ्या लक्षात आलं, या वेळी तो 'सेकंड इयरला होईल' असं म्हणाला नाही. पुढं सेकंड इयरला त्याचं कॉम्प सुरू होणार होतं, मग तो एकदा पडद्यासमोर बसला की बसलाच. त्याच्या हाताला करवत, कानस, पेन्सिल आणि सोल्डरची कांडी एकाच वर्षात लागणार, ते हेच वर्ष. आणि हेच वर्ष तो, त्याचे वडील, चुलते आणि चुलत्यांचे मित्र, सगळे जण कधी संपतंय म्हणून दिवस मोजत होते. मी हे त्याला बोलून दाखवलं नाही. म्हाताऱ्यांचं असलं बोलणं त्यांना कोणत्याच इयरला नसतं. जॉब माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवला.

*

आणि मग प्रोजेक्ट आला. पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये पहिल्याच वर्षी 'प्रोजेक्ट बेस्ड लर्निंग' आलं. समाजातली एखादी अडचण शोधायची आणि चौघा-पाचांच्या गटानं तिच्यावर यंत्र बनवायचं. समाजात अडचणींना तोटा नाही, पण एफईच्या वर्गाला दर वर्षी चारच अडचणी सापडतात: झाडांना पाणी आपोआप जात नाही, आंधळ्याच्या काठीला डोळे नाहीत, गाडीला काळी रेघ ओळखता येत नाही, आणि कचऱ्याच्या डब्याचं झाकण हातानं उघडावं लागतं. एफईच्या गटाच्या वाट्याला डबा आला. नाव मात्र डबा नव्हतं. नाव होतं 'आयओटी बेस्ड इंटेलिजंट वेस्ट मॅनेजमेंट सिस्टिम फॉर स्मार्ट सिटीज'. त्यात इंटरनेटचा संबंध कुठं येतो म्हणून विचारलं, तर तो 'फ्यूचर स्कोप'मध्ये येत होता.

गटात चौघं. एकाकडे लॅपटॉप, म्हणून तो कोडिंग. एकाचं अक्षर चांगलं, म्हणून तो रिपोर्ट. एकाकडे दुचाकी, म्हणून तो खरेदी. एफईकडे आमचं स्वयंपाकघर, म्हणून तो 'टेस्टिंग'. सगळे मिळून बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या बाजूला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत गेले. तिथला दुकानदार फेब्रुवारीत कुणालाही "काय पाहिजे?" असं विचारत नाही, "डबा का रोबोट?" असं विचारतो. 'डबा' म्हटल्यावर त्यानं न बघता पुडकं काढून दिलं. त्यात एक आर्डुइनो, एक अल्ट्रासॉनिक सेन्सर, काडेपेटीपेक्षाही लहान एक सर्व्हो मोटर आणि रंगीत वायरींची जुडी.

सेन्सरला दोन डोळे असतात. एक चाळीस हजार हर्ट्झचा आवाज सोडतो, जो माणसाला ऐकू येत नाही. दुसरा त्याचा प्रतिध्वनी ऐकतो. आवाज जाऊन यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढायचं, निम्मं करायचं, आणि ते वीतभर निघालं की झाकण उघडायचं. निम्मं करायचं पहिल्या दिवशी राहून गेलं होतं, त्यामुळे डब्याला अगदी चिकटून उभं राहावं लागे.

दुसऱ्या दिवशी झाकण उघडायला गेलं की आर्डुइनोच बंद पडून पुन्हा सुरू व्हायचं, मग झाकण पुन्हा उघडायला जायचं. उचकी लागल्यासारखं. नऊ व्होल्टच्या त्या चौकोनी सेलला मोटरचा करंट झेपत नव्हता. "हे बेसिक इलेक्ट्रॉनिक्समध्ये झालं होतं ओ आमचं," एफई आनंदानं ओरडला. वर्षभरात पहिल्यांदा एक गोष्ट फर्स्ट इयरची निघाली होती. त्यानं मोबाइलचा चार्जर जोडला, उचकी थांबली, आणि इंटेलिजंट सिस्टिम आमच्या फ्रिजशेजारी रुजू झाली.

आता तिचे गुण दिसायला लागले. फ्रिजचं दार उघडलं की डब्याचंही झाकण उघडायचं. माझ्यासाठी उघडायचं. हिच्यासाठी उघडायचं. दूधवाल्याच्या पिशवीसाठी उघडायचं. आईसाठी मात्र उघडायचं नाही.

आई लसणाची सालं ओंजळीत घेऊन समोर उभी राहिली. झाकण ढिम्म. तिनं हात हलवला. ढिम्म. "मला ओळखत नाही का रे हा?" म्हणत ती वाकली. ढिम्म. चौघं इंजिनिअर गोळा झाले. कोड तपासला. वायरी तपासल्या. मग कोडिंगवाल्यानं सेन्सरसमोर वही धरली, उघडलं. आईच्या पदराचं टोक धरलं, नाही उघडलं.

"आजी, तुमचं लुगडं आवाज पिऊन टाकतंय," एफईनं निदान केलं. "मऊ कापडावरनं प्रतिध्वनी नीट येतच नाही."

"माझं लुगडं?" आई म्हणाली. "तीस वर्षं धुऊन धुऊन मऊ केलंय मी ते. तुमच्या डब्यासाठी आता कांजी घालू?"

चौघांनी बराच वेळ खलबत केलं आणि तोडगा काढला. आजींनी कचरा टाकायला येताना हातात स्टीलची ताटली समोर धरून यावं. ताटलीवरून प्रतिध्वनी उत्तम येतो.

आईनं ताटली हातात घेतली, डब्याकडे पाहिलं, एफईकडे पाहिलं. "ओवाळल्याशिवाय दार उघडत नाही, तो काय गाभारा आहे? की भाऊबीज आहे आज?"

मला राहवलं नाही. मी मुलांना सांगितलं की विश्वेश्वरय्या पुण्यातच शिकले, आणि त्यांनी खडकवासल्याच्या धरणाला स्वयंचलित दरवाजे बसवले ते १९०३ साली. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की दरवाजे आपोआप उघडत, उतरलं की मिटत. ना सेन्सर, ना सेल, ना कोड. पाण्याचाच जोर आणि वजनांचा तोल. आमच्या खात्यात ही गोष्ट नव्या माणसाला चहाबरोबर सांगायची पद्धत होती.

मुलं शांतपणे ऐकत होती. मग रिपोर्टवाल्यानं विचारलं, "काका, हे 'लिटरेचर सर्व्हे'त टाकलं तर चालेल?"

टाकलं. रिपोर्ट चाळीस पानांचा झाला. 'लिमिटेशन्स' या मथळ्याखाली एकच वाक्य होतं: सदर यंत्रणा मऊ कापड ओळखत नाही. आमच्या आईचा तांत्रिक साहित्यातला हा एकमेव उल्लेख. तोंडी परीक्षेला सरांनी गटाला एकच प्रश्न विचारला, "कितीला पडला?" आकडा ऐकून मान हलवली आणि सही केली.

*

जूनमध्ये एफई मित्रांबरोबर फ्लॅटवर राहायला गेला. आर्डुइनो आणि सेन्सर काढून नेले, कारण ते आता ज्युनियरला द्यायचे होते. डबा आणि झाकण आमच्याकडे राहिलं. गणपतीत तो पेढे घेऊन आला. ऑल क्लिअर. एम-वन काठावर, पण क्लिअर. आवाज बदलला होता, मिशीला आकार आला होता, आणि रात्री दहाचा काही संबंध राहिला नसावा असं डोळ्यांवरून वाटत होतं.

नेमका त्याच दिवशी मोदकांच्या गडबडीत मिक्सर बंद पडला.

"बरा आलास," मी म्हणालो. "आता तर सेकंड इयर. बघ जरा."

त्यानं मिक्सरकडे पाहिलं. बटण इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. "काका, आम्हाला आता कॉम्प सुरू झालं ना. इलेक्ट्रिकल आम्हाला फर्स्ट इयरला होतं." आणि जरा ओशाळून, "आता विसरलो."

इतक्यात जिन्यात काळी नळी दिसली. नवा एफई, परभणीचा, दोन दिवसांपूर्वीच आलेला, आतापर्यंत फक्त 'काका' म्हणालेला. आई त्याच्याकडे वळली. "तू रे? तू तर फर्स्ट इयरलाच आहेस ना?"

नव्यानं मिक्सरकडे पाहिलं, मग जुन्याकडे. जुन्यानंच सिनियरच्या नात्यानं त्याच्या वतीनं सांगितलं, "आजी, त्याला ते सेकंड इयरला हाय."

आईनं पदर खोचला. मिक्सर ओट्यावर आडवा केला, मग पुरता उलटा केला आणि बुडाशी असलेलं छोटं लाल बटण अंगठ्यानं दाबलं. सरळ करून लावला. मिक्सर घरघरला. तिनं सांडलेला नारळाचा चुरा गोळा केला, डब्यापाशी गेली, झाकण हातानं उचललं आणि आत टाकला.

"हे तुम्हाला कसं माहीत आजी?" दोघांनी एकदमच विचारलं.

"कसं म्हणजे? बंद पडलं की आधी उलटं करून बघावं," आई म्हणाली.

दोघं एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिले. हे त्यांना कोणत्याच इयरला नव्हतं.